आकड्यांचं माहेर

बेळगाव जिल्ह्यातल्या बाया जगभरच्या बाळंतपणाच्या शास्त्रात किती ठिकाणी आहेत, हे खुद्द बेळगावात फारसं कुणाला ठाऊक नाही. आपण कुंद्यावर बोलतो, पावसावर बोलतो, सीमाप्रश्नावर तर बोलतोच बोलतो. पण २००६ च्या ऑक्टोबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली, तिचं गाव हेच. जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका. बाळ बाहेर आल्याबरोबर एएनएम सिस्टरनी, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांनी, निम्म्या जणींना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. कुणाला काय मिळालं हे ना बाईला माहीत, ना सिस्टरला. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या बारा जणींना जादा रक्तस्राव झाला, औषधवाल्या गटात साधारण साडेसहा जणींना. म्हणजे अठरा जणींना औषध दिलं की एकीचा रक्तस्राव टळतो. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध या कामासाठी घातलं, तेव्हा समोर ठेवलेल्या पुराव्यांत या १६२० जणीही होत्या.

हे पुरावे एकत्र करण्याचं जे काम असतं, त्यात मी गेली काही वर्षं अडकले आहे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात त्याला. एकाच प्रश्नावर जगात जिथं म्हणून चाचण्या झाल्या त्या सगळ्या शोधायच्या, आधी जाहीर केलेल्या नियमांनी निवडायच्या, पारखायच्या, आणि जमत असेल तर त्यांचे आकडे एकत्र करून एक उत्तर काढायचं. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरने १९७९ मध्ये तक्रार केली होती की, आपल्या व्यवसायाने सगळ्या चाचण्यांचा असा चिकित्सक आणि वेळोवेळी सुधारलेला गोषवारा तयारच केलेला नाही. १९९३ मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या नावाने संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात काही आडव्या रेघा आणि खाली पत्त्यांतल्या चौकटसारखी एक छोटी आकृती आहे. प्रत्येक रेघ म्हणजे अकाली प्रसूतीच्या आधी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याची एकेक चाचणी. पहिली चाचणी न्यूझीलंडमधली, १९७२ ची. सुट्या सुट्या बघितल्या तर बहुतेक रेघा ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणणाऱ्या. एकत्र केल्या की स्पष्ट होतं, इंजेक्शनने बाळं वाचतात. कुणी त्या वेळेत एकत्र केल्या नाहीत म्हणून मधल्या वर्षांत कितीतरी बाळं गेली. हे चिन्ह म्हणजे संस्थेने छातीवर लावलेली फुशारकी नाही, शरमेची खूण आहे, असं मला नेहमी वाटतं. पुढं हेच इंजेक्शन बेळगावात आलं, ते सांगतेच.

आधी काम कसं चालतं ते. माझा विषय गरोदरपणातला रक्तक्षय: शिरेतून लोह द्यावं की गोळ्यांवर भागतं. संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये शब्दांची जाळी टाकली की हजारोंनी मथळे वर येतात. ते दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकेक करून वाचायचे: घ्यायचा, सोडायचा, कळत नाही. नंतर दोघांचे निकाल समोरासमोर मांडायचे. जिथं जुळत नाही तिथं भांडायचं, आणि भांडण मिटलं नाही तर तिसऱ्याकडे जायचं. माझा जोडीदार बैलहोंगलकडचा, घरी कन्नड, माझ्याशी मराठी, वैतागला की दोन्हीत एकदम. “अक्का, तुम्ही सगळंच घेता,” ही त्याची तक्रार. “आणि तू सगळंच टाकतोस,” ही माझी. यात खरं म्हणजे दोघांचंही बरोबर असतं, कारण मथळा वाचून काहीच कळत नाही.

एक गंमत इथंच सांगते. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. त्यामुळे आपल्या भागातलं संशोधन पत्त्यावरून शोधायचं तर दोन्ही नावं द्यावी लागतात, नाहीतर निम्मं काम गायब. या वादावर इकडे माणसं पिढ्यान्‌पिढ्या हमरीतुमरीवर येत आलीत. डेटाबेसला दोन्ही नावं चालतात, पण आपण दिली तरच.

मथळ्यांचं दळण कंटाळवाणं असलं तरी ते संपतं. सरासरीने बघितलं तर एक रिव्ह्यू नोंदणीपासून छापून येईपर्यंत ६७ आठवडे घेतो. २०१७ मध्ये कुणीतरी जवळजवळ दोनशे रिव्ह्यूंचा हिशेब घालून हा आकडा काढला होता. अडतं ते पुढं. दोन पेपरांत एकच शब्द आहे, एकच आकडा आहे. पण तो आकडा ज्या खोलीत जन्मला ती खोली एक नव्हे.

रक्तस्रावाचंच घ्या. पाचशे मिलिलिटरच्या वर गेलं की जादा, ही व्याख्या अशा बहुतेक चाचण्यांत तीच. मोजायचं कसं? बहुतेक ठिकाणी डॉक्टर किंवा सिस्टर कपड्यांकडे, पोत्याकडे, ट्रेकडे बघून अंदाज सांगतात. बेळगावच्या त्या चाचणीसाठी एक साधी प्लॅस्टिकची शीट वापरली होती: बाळ आलं की बाईच्या खाली सरकवायची, कमरेला बांधायची, आणि खालच्या निमुळत्या पिशवीत रक्त साचेल तसं बाहेरच्या खुणांवर वाचायचं. इथल्याच रुग्णालयात दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून पाहिल्या, तेव्हा डोळ्यांच्या अंदाजात सुमारे एक तृतीयांश रक्त हिशेबातच येत नव्हतं. आता तुम्ही दूर कुठंतरी बसून एका चाचणीचे डोळ्यांनी मोजलेले पाचशे आणि दुसरीचे पिशवीने मोजलेले पाचशे एकाच रकान्यात लिहिता. बेरीज बिनचूक येते. कशाची आली, हे मात्र विचारायचं नाही.

आमच्या रक्तक्षयात हेच दुखणं हिमोग्लोबिनचं. जुन्या पेपरांत साहलीची पद्धत: काचेच्या नळीत रक्त, आम्ल, थेंबथेंब पाणी, आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की वाचन. उजेड कमी असेल, सिस्टर दमलेली असेल, ढगाळ दिवस असेल, तर रंग वेगळा जुळतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर ढगाळ नसलेला दिवस कुठला? नव्या पेपरांत बोटाच्या थेंबावर चालणारं यंत्र, नाहीतर प्रयोगशाळेतली सायनमेथ पद्धत. पेपरात कुठं लिहिलेलं असतं, कुठं नुसतं ‘हिमोग्लोबिन मोजले’. लेखकाला मेल करावी तर पत्ता दहा वर्षांपूर्वीचा; परत येते. एकदा एका सरांनी चक्क फोन केला आणि म्हणाले, ती मुलगी थीसिस करून गेली, आता कुठं आहे माहीत नाही, पण मशीन होतं, मला नक्की आठवतंय. ‘सरांना आठवतंय’ हा पर्याय आमच्या फॉर्ममध्ये नाही.

आता ते इंजेक्शन. श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत स्टेरॉइडने बाळं वाचतात हे ठरलेलं होतं. मग गरीब देशांत, खेड्यापाड्यांत, ते जास्तीत जास्त बायांपर्यंत पोचवलं तर? हा प्रश्न घेऊन २०११ ते २०१४ मध्ये सहा देशांत मोठी चाचणी झाली. भारतात तिची दोन ठिकाणं होती, बेळगाव आणि नागपूर. सगळे देश मिळून जवळजवळ एक लाख बाळंतपणं. निकाल लागला तो असा की कुणाला बोलायला सुचेना. सगळ्यात कमी वजनाच्या बाळांत मृत्यू घटले नाहीत. आणि एकूण सगळ्या बाळांत, हजारामागे साडेतीन जास्त मृत्यू. जंतुसंसर्गाचा संशय आलेल्या आयाही जास्त.

हे वाचलं तेव्हा मला माझी आत्या आठवली. ती एएनएम होती, खानापूरकडच्या उपकेंद्रांत तिची नोकरी गेली, आता निवृत्त. या चाचणीशी तिचा संबंध नाही, पण त्यातला जो सांधा सगळ्यात कच्चा होता तो तिच्या रोजच्या कामातला: बाईला कितवा महिना हे ठरवणं. सोनोग्राफी नाही, पाळीची तारीख नाही, मग पोटावर टेप लावून गर्भाशयाची उंची मोजायची आणि त्यावरून आठवडे धरायचे. चाचणीतही तारीख नसेल तिथं हाच मार्ग होता. आत्याला मी विचारलं, बायका तारीख सांगायच्या का गं?

“तारीख कुनाला ठाव आसतीया? गौरीच्या आदी का मागनं, येवढंच सांगत्यात. सासूला इचारलं तर ती म्हनती, सुगीत.”

“मग टेपवर भागायचं?”

“टेप काय करतीया. जुळं आसलं तर नऊ दावतीया, हायत सात. आन बारीक पोर आसलं की सात दावतीया, भरल्यात नऊ.”

तिच्या या शेवटच्या वाक्यात सगळी गोम आली. अंगात रक्त नसलेली, कमी खाणारी बाई; तिचं बाळ वेळेवर आलं तरी लहान. टेप म्हणणार अकाली. इंजेक्शन दिलं जाणार. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या बहुतेक बायांची बाळं पुढं पुरेशा वजनाचीच झाली, म्हणजे ज्या बाळांना त्याची गरज होती ती भलतीच होती. बाळ अकाली आहे का याचा भरवसा नसल्याने संशोधकांनीही निकाल बघताना जन्मवजनाचाच आधार घेतला होता: सगळ्यात हलकी पाच टक्के बाळं म्हणजे अकाली धरायची. दुसरा मार्गच नव्हता. नुकसान नेमकं कशाने झालं, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही, आणि मी आत्याच्या जोरावर ते सोडवायला बसलेले नाही. पण पेपराच्या तक्त्यात ‘गर्भधारणेचे आठवडे’ असा एक स्वच्छ रकाना असतो, आणि त्याच्या मागे गौरी, सुगी आणि टेप असते, हे रिव्ह्यू करणाऱ्याला आत्याने सांगितल्याशिवाय कळत नाही.

तारखांचा खेळ बघा. केंद्र सरकारने २०१४ मध्येच एएनएमला हे इंजेक्शन देऊन बाईला पुढं पाठवायची मुभा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हा निकाल बाहेर आला. दुसऱ्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस अटींसकट मांडली: आठवडे खात्रीने माहीत हवेत, प्रसूती जवळ आलेली हवी, आईला संसर्ग नको, आणि बाळाची देखभाल करायची सोय हवी. मग शंका मिटवायला नवी चाचणी झाली, या वेळी रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे ठरवून, बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानात. पुन्हा बेळगाव त्यात होतंच. २८५२ बाया. २०२० चा निकाल: इंजेक्शनवाल्या गटात शंभरात १९.६ बाळं दगावली, दुसऱ्या गटात २३.५. म्हणजे औषध चांगलंच आहे.

मग हे दोन निकाल एकत्र कसे करायचे? औषध तेच, जिल्हासुद्धा तोच. पण पहिली चाचणी औषधाची नव्हतीच, औषध गावोगाव पोचवण्याच्या मोहिमेची होती. सॉफ्टवेअरला सांगितलं तर ते दोन्ही घेऊन सरासरी काढून देईल, आणि ती सरासरी कुठल्याच बाईला लागू होणार नाही. इथं आकडेमोड थांबते आणि माणसाला ठरवावं लागतं. बाहेरच्या लोकांना वाटतं रिव्ह्यू म्हणजे यंत्रासारखं निःपक्षपाती काम. काम निःपक्षपातीच असायला हवं, पण यात पावलोपावली निवाडे आहेत आणि ते नावानिशी लिहून ठेवावे लागतात.

सीमेवरच्या जिल्ह्यात अजून एक भानगड असते, ती मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. बेळगाव तालुक्यातल्या बाईचं माहेर चंदगडात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीतली कागलला जाते. खानापुरातल्या कुणाचं गोव्यात. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती निघाली. आशाताईच्या वहीत तिचं नाव, तिकडच्या आशाताईच्या वहीत दुसरं नाव, माहेरचं. कार्ड कन्नडमध्ये, तिकडच्या दवाखान्यात ते वाचणारं कुणी नाही. कुणाचा अभ्यास ४२ दिवस मागोवा घेणार असेल तर ही बाई ‘संपर्कात नाही’ म्हणून नोंदली जाते. रिव्ह्यूच्या फॉर्मवर आम्ही खूण करतो: गळती दहा टक्के, निकाल चुकण्याचा धोका मध्यम. पण या गळलेल्या कोण? पहिलटकरणी, म्हणजे जास्त जोखमीच्याच. गळती सारखी नाही, ती एका रीतीने होते. ज्याला ती रीत माहीत आहे त्याला तिचं वजन कळतं. बाकीच्यांसाठी ते नुसते दहा टक्के.

म्हणून मी जोडीदाराला म्हणते, आकड्याचं माहेर विचारून घेत जा. तो म्हणतो, अक्का, फॉर्ममध्ये रकाना कुठं आहे?

काही आकड्यांना मुळात माहेरच नसतं. डोक्याला मार लागलेल्यांना मॅनिटॉल या औषधाचा भारी डोस द्यावा, असं सांगणाऱ्या ब्राझीलच्या एका सर्जनच्या तीन चाचण्या कॉक्रनच्या रिव्ह्यूत होत्या. २००७ मध्ये शोधायला गेल्यावर त्या रुग्णांचा, त्या चाचण्या झाल्याचा पत्ताच कुणाला देता आला नाही. कोविडमध्ये तर आपण हे शेजारी बघितलं. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध द्यायचं जाहीर केलं. आमच्या नात्यातल्या कुणीतरी चोर्ला घाटातून गोळ्यांची पाकिटं आणून गल्लीत वाटली, आणि मला “तू शिकलेली, तूच घेत नाहीस?” असा टोमणाही मिळाला. या औषधाच्या बाजूने तेव्हा जे एकत्रित विश्लेषण फिरत होतं, त्यात एका इजिप्तच्या अभ्यासाचं मोठं वजन होतं. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला, कारण लंडनच्या एका विद्यार्थ्याने मूळ आकडे तपासले आणि त्यातले कितीतरी रुग्ण एकमेकांच्या नकला निघाले. तो एक काढला की बहुतेक फायदा विरून गेला. रिव्ह्यूची रीत सगळी पाळूनही असं होऊ शकतं, कारण रीत अशी गृहीत धरते की चाचणी निदान झाली तरी आहे.

आणि काही आकडे माहेराबाहेर पडतच नाहीत. टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाची गोष्ट मोठी आहे, थोडक्यात सांगते: २००३ च्या ज्या विश्लेषणावर सगळ्यांचा विश्वास होता त्यातल्या दहापैकी आठ चाचण्या नीट छापलेल्याच नव्हत्या. हे एका जपानी बालरोगतज्ज्ञाने २००९ मध्ये साध्या पत्रात विचारलं. कंपनीकडून पूर्ण अहवाल मिळायला वर्षं गेली. २०१४ मध्ये हजारो पानं वाचून निघालं ते एवढंच, की मोठ्या माणसांचा ताप-खोकला सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत जातो.

पण त्यासाठी परदेशी कंपनीच कशाला हवी? कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या बाजूला थीसिसची कपाटं असतात. काळ्या किंवा मरून रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरं, वर धूळ, आत झुरळांची अंडी. एमडीची परीक्षा द्यायची म्हणून केलेलं काम. गाईडची सही, एथिक्स कमिटीचं पत्र, शेवटी मास्टर चार्ट. या मास्टर चार्टवर माझं प्रेम आहे. छापलेल्या पेपरात सरासरी असते, इथं एकेक बाई असते: वय २१, दुसरी खेप, हिमोग्लोबिन ७.८, चार आठवड्यांनी ९.१. आणि कुठं कुठं पेनाने, ‘पुन्हा आली नाही’. फायदा दिसलेल्या थीसिसचा पेपर होतो. न दिसलेली कपाटात राहते. दोन थीसिस मी आमच्या हिशेबात धरल्या, एक ‘फरक नाही’ म्हणणारी. त्यावर मला विचारलं गेलं की, छापलेलं नाही म्हणजे तपासलेलं नाही, मग का घेता? मी म्हटलं, छापलेल्यातलं तरी कुणी तपासलंय?

उलट बाजूला पूर आहे. २०१० मध्येच हिशेब होता की जगात रोज ७५ चाचण्या आणि अकरा रिव्ह्यू छापून येतात. आपल्याकडे शिक्षकांच्या बढतीसाठी जे लेख मोजतात त्यांत २०२० पासून सिस्टिमॅटिक रिव्ह्यूही धरले गेले. रुग्ण नको, एथिक्सची धावपळ नको, संगणक आणि वायफाय असलं की झालं; मग काय विचारता. एकाच प्रश्नावर चारचार रिव्ह्यू, चौघांनी त्याच सात चाचण्या घेतलेल्या, आणि ‘आणखी संशोधनाची गरज आहे’ हे चौघांचंही शेवटचं वाक्य. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २००७ मध्ये कॉक्रनचं ग्रंथालय देशात सगळ्यांना फुकट खुलं केलं होतं. त्यातलं वाचून एखादा डोस बदलणारे डॉक्टर मला आजवर जेवढे भेटले, त्यापेक्षा आपला रिव्ह्यू काढू बघणारे पुष्कळ जास्त भेटलेत. मीही त्यातलीच, हे जोडीदार आठवण करून देतोच.

आमचा रिव्ह्यू सध्या परीक्षकांकडून परत आलाय. एकाचं म्हणणं, साहलीवाल्या चाचण्या सरळ काढून टाका. काढल्या तर उत्तर जास्त स्वच्छ येतं, पण मग उरतात त्या बहुतेक मोठ्या शहरांच्या रुग्णालयांतल्या. उपकेंद्रावरची बाई हिशेबातून जाते, आणि शिफारस लागू व्हायची असते तिलाच. जोडीदार म्हणतो काढूया. मी म्हणते वेगळ्या गटात दाखवूया. तिसऱ्याकडे गेलो तर त्या मॅडम सध्या पेपर तपासणीसाठी हुबळीला. शिवाय शेवटचा सर्च आता वर्षापेक्षा जुना झाला, तो पुन्हा चालवायला लागणार. कालच चालवून बघितला. नवे मथळे आलेत, त्यातले तीन घ्यायचे म्हणून मी खूण केली. तो तिन्ही टाकणार, हे मला आत्ताच दिसतंय.